कमान कुणाची, जमीन कुणाची?

सरांचा आणि माझा हा वाद जुना आहे. ते वास्तुकलेचा इतिहास शिकवायचे, मी त्यांची विद्यार्थिनी. आता मी जुन्या इमारतींच्या डागडुजीची कामं करते. मी वसईची, कॅथलिक, घरात सामवेदी बोलणारी. चीनमधल्या मिशनऱ्यांनी बांधलेल्या चर्चचा विषय निघाला की आमची जुंपते. सरांना त्या मनोऱ्यांत साम्राज्य दिसतं, मला त्यांच्या सावलीत गुडघे टेकलेली माणसं दिसतात. परवा पुन्हा जुंपली, आणि या खेपेला मी ते सगळं लिहून काढायचं ठरवलं, कारण सरांचे मुद्दे सहजासहजी खोडता येत नाहीत.

त्यांनी थेट ग्वांगझूलाच हात घातला.

"तिथलं सेक्रेड हार्ट कथीड्रल घे. सगळं ग्रॅनाइटचं, जोड मनोरे सुमारे ५८ मीटर उंच. पण उभं आहे कशावर? दोन प्रांतांच्या सुभेदाराची कचेरी होती तिथे. दुसऱ्या अफूयुद्धात इंग्रज-फ्रेंचांनी शहर घेतलं, कचेरी उद्ध्वस्त झाली. सुभेदार ये मिंगचेन कैद झाला, त्याला जहाजात घालून कलकत्त्याला आणलं, आणि १८५९ मध्ये तो तिथेच मेला. मग ती जागा फ्रेंच मिशनच्या पदरात पडली. तिसऱ्या नेपोलियनने पैसा दिला, फ्रान्समधल्या वास्तुकारांनी नकाशे काढले, १८६३ मध्ये पायाभरणी झाली. हरलेल्या सुभेदाराच्या वाड्यावर जिंकणाऱ्याचा मनोरा. याला नुसतं प्रार्थनास्थळ कसं म्हणायचं?"

"नुसतं नाहीच म्हणत मी. पण पायाभरणी सांगून तुम्ही थांबता. काम पुरं व्हायला १८८८ उजाडलं, म्हणजे पंचवीस वर्षं. एवढी वर्षं दगड कोण घडवत होतं? ग्वांगदोंगचेच पाथरवट. त्यांचा म्होरक्या त्साय शियाव, जिएशी भागातला. फ्रेंच नकाशे, कोरीव कमानी, दगडी घुमटी छत, यातलं काहीही त्या लोकांनी पूर्वी बांधलेलं नव्हतं. त्सायने ते समजून घेतलं, गड्यांना समजावलं आणि तडीस नेलं. आणि तुम्ही छताकडे नीट बघा, सर. फ्रान्समध्ये पावसाचं पाणी फेकायला पन्हळीच्या तोंडाशी विद्रूप राक्षस कोरतात. ग्वांगझूत त्या जागी सिंह आहेत, आपल्या देवळाच्या दारात असतात तसे नव्हेत, तर चिनी देवळाच्या दारातले, कुरळ्या आयाळीचे, वटारलेल्या डोळ्यांचे. पाऊस आला की पाणी त्या सिंहांच्या तोंडातून पडतं."

"सिंह कोरल्याने जमीन परत मिळत नाही."

"नाही मिळत. पण इमारत कुणाची झाली, याचं उत्तर त्या सिंहांना वगळून देता येत नाही."

सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे बघ, माझा राग दगडावर नाही, कायद्यावर आहे. १८५८ चा तिआनजिनचा तह आणि १८६० चा पेकिंगचा करार. मिशनऱ्यांना चीनच्या आतल्या भागात शिरायची मुभा मिळाली ती तोफांच्या जोरावर. फ्रेंच कराराच्या चिनी मसुद्यात तर एक जादा कलम घुसडलं गेलं, की मिशनऱ्यांनी कुठल्याही प्रांतात जमीन घ्यावी आणि हवं ते बांधावं. मूळ फ्रेंच मसुद्यात ते नव्हतंच. दुभाष्याचं काम करणाऱ्या मिशनऱ्याने ते घातलं. त्या एका कलमावर पुढची कित्येक चर्च उभी आहेत. आणि या युद्धाला जी अफू कारण झाली तिचा मोठा भाग मुंबई बंदरातून गेला, माळव्याची अफू. त्या व्यापाराचा पैसा आपल्या शहरात कुठे कुठे मुरलाय हे तुला ठाऊक आहे. म्हणून हा विषय मला परक्या देशाचा वाटत नाही."

हे मला मान्यच करावं लागलं. मुंबईतल्या ज्या जुन्या इमारतींवर मी काम करते, त्यांतल्या काहींच्या मागे चीनच्या व्यापाराचा पैसा आहे.

"आणि मनोरा कुणी पाहिला?" सर पुढे म्हणाले. "तिआनजिनचं नोत्र दाम चर्च नदीच्या वळणावर, शहरातून ठळक दिसेल अशा जागी १८६९ मध्ये बांधलं, नाव 'विजयांची माता'. विजय कुणाचा, हे तिथल्या माणसाला कळत नव्हतं का? चिनी शहरात सामान्य घरं बैठी. उंच काय असायचं, तर वेस, नगाऱ्याचा बुरूज, पॅगोडा. त्यात टोकदार शिखर घुसलं की जमिनीचं, पाण्याचं, वाऱ्याचं सगळं गणित बिघडतं अशी लोकांची ठाम समजूत होती. भरीला मिशनच्या अनाथालयाबद्दल भलत्यासलत्या अफवा. १८७० च्या जूनमध्ये फ्रेंच कॉन्सलने गर्दीत गोळी झाडली आणि जमावाने त्याला, नन्सना, चिनी ख्रिस्ती लोकांना मारलं, चर्च पेटवलं. ते १८९७ मध्ये परत बांधलं, १९०० मध्ये परकीयांविरुद्ध उठलेल्या बॉक्सर बंडखोरांनी पुन्हा जाळलं, १९०४ मध्ये पुन्हा उभं केलं, आणि तेही युद्धखंडणीच्या काळात. चीनवर ४५ कोटी टेल चांदीचा दंड बसला होता तेव्हा."

"सर, जे चिनी ख्रिस्ती मेले ते तुमच्या वाक्यात एका स्वल्पविरामात संपले. बीजिंगच्या बैतांग चर्चचं काय झालं? १९०० च्या उन्हाळ्यात दोन महिने वेढा. आत तीन हजारांवर माणसं, बहुतेक चिनी, त्यातही बायका आणि मुलं जास्त. राखायला ४३ फ्रेंच आणि इटालियन नौसैनिक. सुरुंगांनी जमीन फाटत होती, खायला झाडांची पानं उकळत होते. ती माणसं परक्या राजासाठी आत राहिली नव्हती. बाहेर गेलं तर मारले जाऊ म्हणून राहिली होती. त्यांना त्या गॉथिक कमानीखाली आसरा मिळाला. त्यांच्या नातवंडांना तुम्ही सांगणार, की ही कमान तुमची नव्हे?"

"मी तसं सांगणार नाही. पण बैतांगचीच गोष्ट पूर्ण सांग. ते उलट बाजूनेही बोलतं."

ते खरं आहे, आणि मला ती गोष्ट आवडते म्हणून मी सविस्तर सांगितली. बैतांग म्हणजे उत्तरेचं चर्च, त्याची सुरुवात तोफेने नव्हे, औषधाने झाली. सम्राट कांगशीला हिवताप झाला होता, फ्रेंच जेझुइटांनी त्याला सिंकोना दिला, तो बरा झाला आणि १६९३ मध्ये त्याने त्यांना राजनगरात जागा दिली. १७०३ मध्ये तिथे चर्च झालं. पुढे बंदीच्या काळात ते गेलं, १८६० नंतर फ्रेंचांनी जागा परत मिळवली आणि मनोरे चढवले. ते मनोरे राजवाड्याच्या बागांवर डोकावू लागले. त्सशी राजमातेला बागा वाढवायच्या होत्या. वाटाघाटी झाल्या, आणि चर्च सध्याच्या शीशिकू भागात हललं. तिथलं बांधकाम फाव्हिये नावाच्या मिशनऱ्याने केलं, पुढे ते बिशप झाले. दर्शनी भिंत पांढरी, गॉथिक, टोकदार शिखरांची. पण तिच्यापुढे चबुतऱ्यावर पिवळ्या कौलांचे दोन चिनी मंडप आहेत, आणि मंडपांत शिलालेख.

"ते पिवळं कौल बघ," सर म्हणाले. "तो राजाचा रंग. म्हणजे १८८० च्या दशकात फाव्हियेला नीट कळत होतं की या मातीत अधिकृतपणा कुठल्या भाषेत बोलतो. तरी मूळ इमारत त्याने गॉथिकच ठेवली. मंडप ठेवले दारात, पाहुण्यासारखे. खरं तर यजमान कोण होतं?"

हा त्यांचा सगळ्यात धारदार मुद्दा होता. मी त्याला मकावचा दाखला दिला.

"मकावचं सेंट पॉल बघा. तिथे तोफांचा काळ नव्हता. मकावचा धर्मप्रांत १५७६ चा, गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखालचा. जेझुइट मिशनरी मातेओ रिची १५७८ मध्ये आधी गोव्यात उतरला, तिथे शिकला, शिकवलं, १५८० मध्ये कोचीनला त्याची दीक्षा झाली आणि मग तो मकावला गेला. आपल्या जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजची आज फक्त एक कमान उभी आहे. मकावच्या सेंट पॉलचीही १८३५ च्या आगीनंतर फक्त दर्शनी भिंत उरली. पण ती भिंत वाचावी अशी आहे. ती कोरली चिनी कारागिरांनी आणि छळ चुकवून पळून आलेल्या जपानी ख्रिस्ती लोकांनी. तिच्यावर संत आहेत, जहाज आहे, आणि सात डोक्यांच्या राक्षसी सर्पावर पाय दिलेली मरिया आहे, तिच्या शेजारी चिनी अक्षरांत तसं लिहिलेलंही आहे. वर शेवंतीची फुलं, कडेला चिनी सिंह. सतराव्या शतकात, कुणी आज्ञापत्र काढलेलं नसताना, हे झालं."

"आणि रिचीने स्वतः काय केलं तेही सांग. जाओचिंगला पहिलं घर त्याने युरोपी धर्तीचं, दुमजली बांधलं. लोक चिडले, दगड मारले. नंतर शाओजौला गेल्यावर त्याने चिनी पद्धतीचं एकमजली घर बांधलं. त्याला अनुभवाने कळलं. मग पोपने पूर्वजपूजेवर आणि कन्फ्यूशियसला मान देण्यावर १७१५ मध्ये आणि पुन्हा १७४२ मध्ये बंदी घातली. मधल्या काळात, १७२४ मध्ये, युंगजंग सम्राटाने ख्रिस्ती धर्मालाच बंदी केली. रोमने आपली चूक १९३९ मध्ये सुधारली. दोनशे वर्षं वाया गेली, पोरी. रिचीच्या वाटेने गेले असते, तर चिनी चर्चची वास्तुकला आपल्या आपण वाढली असती."

इथे मात्र मला वास्तुकलेच्या कामाचं बोलायचं होतं, कारण 'चिनी पद्धतीचं चर्च' हे म्हणायला सोपं आणि बांधायला फार अवघड आहे.

चिनी दिवाणखाना लाकडी खांबांवर उभा असतो. भिंती ओझं घेत नाहीत, नुसता आडोसा करतात. दोन खांबांमधलं अंतर हे मोजायचं माप, आणि इमारत त्या मापाने आडवी वाढते, तीन खण, पाच खण, सात खण. दार लांब बाजूच्या मधोमध, दक्षिणेकडे. आत पाऊल टाकलं की समोरच मुख्य स्थान, चालायला अंतर थोडं. चर्चचं नेमकं उलटं. दार आखूड बाजूला, तिथून लांबच लांब चालत वेदीकडे जायचं, आणि ते चालणं हाच उपासनेचा भाग. म्हणजे चिनी घराला चर्च करायचं तर ते मनातल्या मनात नव्वद अंशांत फिरवावं लागतं. आखूड बाजूची त्रिकोणी भिंत, जिच्याकडे चिनी घरात कुणी ढुंकूनही बघत नाही, ती एकदम चेहरा होते. मग होतं काय, की खेडोपाडी गवंडी त्या त्रिकोणावर विटांची युरोपी दर्शनी भिंत चिकटवतात. मागे सगळं घर चिनी, कौलं चिनी, कैच्या चिनी, पुढचा मुखवटा मात्र गॉथिक. आत छताला कमानदार घुमट दिसतो, पण तो दगडाचा नसतो. लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा करून सुतारांनी तो आकार दिलेला असतो. आणि चिनी रीतीप्रमाणे बायका-पुरुष वेगळे बसावेत म्हणून मध्ये लाकडी आडोसा. काही ठिकाणी बायकांसाठी वेगळं चर्चच असायचं.

"म्हणजे मी म्हणतो तेच झालं," सर म्हणाले. "मुखवटा."

"मी त्याला तडजोड म्हणेन. आणि ती पुष्कळदा गवंड्यांनी केलेली आहे, बिशपने नव्हे. ग्वेयांगचं सेंट जोसेफ बघा, १८७० च्या दशकातलं. तिथे दर्शनी भिंत चिनी कमानद्वारासारखी आणि मागचा बुरूज पॅगोड्यासारखा. युन्नानमधलं त्सझोंग बघा, मेकाँगच्या खोऱ्यात, तिबेटी कॅथलिकांचं. चर्च दगडी आणि बुरुजावर चिनी छप्पर. हे सगळं रोमने चिनी शैलीची हाक देण्याच्या आधीचं आहे."

रोमची ती हाक म्हणजे चेल्सो कोस्तान्तिनी. सरांचा नायकच तो. १९२२ मध्ये पोपचे पहिले प्रतिनिधी म्हणून ते चीनला आले आणि मिशनऱ्यांना स्पष्ट लिहिलं, की चीनमध्ये गॉथिक आणि रोमन शैलीची चर्च बांधणं चूक आहे, त्याने धर्म परका दिसतो. १९२६ मध्ये रोममध्ये सहा चिनी बिशपांना दीक्षा मिळाली, त्यामागे त्यांची खटपट होती. वास्तुकलेसाठी त्यांनी अडेल्बर्ट ग्रेसनिख्त नावाच्या डच बेनेडिक्टाइन कलावंताला १९२७ मध्ये बोलावलं. बीजिंगच्या फूजेन विद्यापीठाची इमारत त्याची. बाहेरून नगरकोटासारखी भिंत, कोपऱ्यांवर बुरूज, हिरव्या कौलांची वळणदार छपरं.

"हे आधीच व्हायला हवं होतं," सर म्हणाले. "आणि कोस्तान्तिनींना विरोध कुणी केला? मिशनऱ्यांनीच. त्याच १९२६ मध्ये उत्तर चीनच्या जेझुइटांनी चर्च बांधणाऱ्यांसाठी एक हातपुस्तिका छापली. विटा कशा भाजाव्यात, पाया कसा घ्यावा, सगळं चोख. आणि नमुने? युरोपी. बेल्जियमचे द मूर्लोझ तर घेंटच्या शाळेत गॉथिक शिकून आलेले, त्यांनी शुआनह्वाला पूर्ण गॉथिक चर्च बांधलं. सवयीच्या नकाशापलीकडे त्यांना दिसलं नाही."

"चिनी ख्रिस्ती लोकांनीही विरोध केला, सर. ते म्हणाले, हे देवळासारखं दिसतं. ज्या देवळापासून आपण दूर झालो त्याच्यासारखं पुन्हा कशाला? हे तुम्ही सोडून देता. आणि कोस्तान्तिनींचं चिनीपण तरी कुणी काढलं? हॉलंडच्या साधूने. प्रोटेस्टंटांच्या यनचिंग विद्यापीठाचे नकाशे मर्फी या अमेरिकन वास्तुकाराने काढले. तिथला बोया पॅगोडा आठवा, आजच्या पेकिंग विद्यापीठाच्या तळ्याकाठचा. तेरा मजली, जुन्या पॅगोड्यासारखा हुबेहूब, आणि आत पाण्याची टाकी. काँक्रीटचा. देखणा आहे, मला आवडतो. पण पॅगोडा अवशेषांसाठी बांधतात, सर. पाणीपुरवठ्यासाठी नव्हे. बाहेरच्या माणसाने तुमचं रूप तुम्हाला करून दिलं, तरी ते बाहेरूनच आलेलं असतं."

"ताओफोंगशान?"

"ते वेगळं," मी म्हटलं, कारण हाँगकाँगच्या त्या टेकडीपुढे माझा वाद थकतो. नॉर्वेचे मिशनरी राइशेल्ट यांनी १९३० च्या दशकात तिथे मठ काढला, बौद्ध भिक्षूंना यावंसं वाटेल असा. डॅनिश वास्तुकार प्रिप-म्यॉलर यांनी चिनी बौद्ध विहार वर्षानुवर्षं मोजून अभ्यासले होते. कमळातून उगवलेला क्रूस तिथली खूण. त्या ठिकाणी कुणाला काय वाटेल याचा विचार आधी झाला आणि छप्पर नंतर आलं.

"मग मान्य कर, की रूप महत्त्वाचं आहे."

"रूप महत्त्वाचं आहेच. पण ते कोण ठरवतं हे त्याहून महत्त्वाचं. शांघायचं शूजियाह्वेई चर्च घ्या. १९१० चं लाल विटांचं गॉथिक, डॉयल नावाच्या इंग्रजाचं. सांस्कृतिक क्रांतीत शिखरं पाडली, काचा फोडल्या, आत धान्य साठवलं. नंतर चिनी ख्रिस्ती लोकांनी काय केलं? शिखरं पुन्हा बांधली. त्यांना कुणी बंदुकीने सांगितलं नव्हतं. आणि काचांच्या खिडक्या वो ये या चिनी चित्रकर्तीने नव्याने केल्या, त्यांत चिनी अक्षरं, चिनी चिन्हं. गॉथिक कमानीत चिनी काच. आपली माणसं हे असंच करतात. आमच्या वसईत पोर्तुगीज धाटणीच्या भिंतीआड मराठी प्रार्थना चालते, तेव्हा कुणी आम्हाला विचारत नाही, की दर्शनी भिंत काढून शिखर का बसवत नाही."

सर यावर लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "विचारणारे आहेत."

"आहेत. म्हणूनच मला भीती वाटते. वेन्जौजवळचं सानजियांग चर्च, गॉथिक वळणाचं, स्थानिक लोकांनी वर्षानुवर्षं वर्गणी काढून बांधलेलं, सरकारमान्य संघटनेचं. २०१४ च्या एप्रिलमध्ये पाडलं."

"परवानगीपेक्षा कितीतरी जास्त बांधकाम होतं, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं."

"सांगितलं. पण त्याच प्रांतात पुढे शेकडो चर्चवरचे क्रूस उतरवले, ते काय जादा क्षेत्रफळाचे होते? आता धर्माचं चिनीकरण हे अधिकृत धोरण आहे. कोस्तान्तिनींचे शब्द आणि या धोरणाचे शब्द शेजारी ठेवले तर पुष्कळसे जुळतील. म्हणून मला शब्दांवर विश्वास ठेवता येत नाही. कोण बोलतंय आणि नाही म्हणणाऱ्याचं काय होतं, हे मी आधी बघते."

"कोस्तान्तिनींना त्या ओळीत बसवू नकोस," सर तडकले. "त्यांच्या हातात पोलीस नव्हते. त्यांनी आपल्याच लोकांना, सत्तेत असलेल्या युरोपी मिशनऱ्यांना सुनावलं. दुबळ्याला नव्हे. तो फरक पुसलास तर तुझा सगळा वाद पोकळ होईल."

हे मला मानावं लागलं, आणि मी ते मानलं.

मग बोलणं फिरत फिरत आपल्याकडेच आलं. बाहेरच्या पैशाशिवाय, बाहेरच्या कारभाराशिवाय चर्च चालावं हा विचार चीनमध्ये पुढे 'तीन स्व' म्हणून सरकारी चळवळ झाला, १९५४ मध्ये तिची रीतसर संघटना झाली. पण त्याची मूळ मांडणी एकोणिसाव्या शतकातली, लंडनच्या हेन्री व्हेन यांची आणि बोस्टनच्या रूफस अँडरसन यांची. हे अँडरसन ज्या अमेरिकन मंडळाचे सचिव, त्याच मंडळाचं मराठी मिशन मुंबईत १८१३ पासून आणि अहमदनगरात १८३१ पासून. १८५४-५५ मध्ये ते हिंदुस्थानात येऊन ही मिशनं बघून गेले आणि इथल्या मंडळ्या इथल्या लोकांच्या हाती द्या म्हणून आग्रह धरला.

"अँडरसनची कल्पना चांगलीच होती," सर म्हणाले. "स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च, स्वतःचा प्रसार. त्यात चौथं 'स्व' हवं होतं, स्वतःचं घर."

"त्यात 'कसं' हे लिहू नका म्हणजे झालं."

"लिहीन. मी वास्तुकार आहे. उद्या हेबैच्या एखाद्या गावाने मला विचारलं, तर मी सांगेन, मनोरा नको, अंगण करा, दार दक्षिणेला घ्या, तुमच्या आजोबांच्या घरासारखं छप्पर घाला."

"आणि मला विचारलं तर मी विचारेन, पैसे कुणाचे, जागा कुणाची, आणि तुमच्या सुताराला काय येतं."

"ते माझं ऐकणार नाहीत," सर म्हणाले. "पांढऱ्या टाइलची गॉथिक शिखरं चढवतील, हेबैत ती मी पाहिली आहेत."

"मग?"

"मग काय? ती त्यांची. पण ती मला चांगली वाटतात असं मी म्हणणार नाही, आणि सांगायचंही सोडणार नाही."